बाईंना कोडिंग कोण शिकवणार?

जवळपास प्रत्येक शाळेत एक तंत्रस्नेही शिक्षक असतो. प्रिंटर अडकला, शाळांची माहिती भरायचं सरकारी यु-डायस पोर्टल चालेना, कुठल्याशा लिंकवर आजच्या आज माहिती भरायचीय, की त्यांच्याच नावाने हाक येते. उद्या 'शाळेत कोडिंग शिकवा' असं परिपत्रक आलं, तर मुख्याध्यापक कोणाकडे बघतील हे सांगायला ज्योतिषी नको. गंमत एवढीच की ते सर मुळात भूगोलाचे असतात.

आणि परिपत्रकाची चाहूल तर केव्हाच लागली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं ठरलं. त्याच्याही आधी, २०१९-२० पासून, सीबीएसईने नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय दिला होता. गोव्यात 'केअर्स' योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलं जातंय. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून थेट तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार यांची ओळख करून द्यायची. अभ्यासक्रम ठरवायला आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली.

या सगळ्या बातम्यांमध्ये अभ्यासक्रम असतो, टॅब असतात, लॅबचे फोटो असतात. शिक्षकाच्या वाट्याला शेवटी एक ओळ येते: 'शिक्षकांना आवश्यक ते प्रशिक्षण देण्यात येईल.' त्या ओळीत नेमकं काय काय दडलंय, ते उलगडून बघू.

एमएस-सीआयटी झालंय की! मग अडलं कुठे?

राज्यातल्या बहुतेक शिक्षकांचं एमएस-सीआयटी झालेलं आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाने गावोगावच्या माणसांची माउस हातात धरायची भीती घालवली, हे त्याचं मोठं काम. पण तिथे शिकवतात ते संगणक वापरायला. पत्र टाइप करणं, तक्ता बनवणं, ईमेल पाठवणं. ज्याच्याकडे गाडी चालवायचा परवाना आहे त्याला कोणी 'उद्यापासून आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घ्या' असं सांगत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र सर्रास सांगतात.

दुसरी गल्लत त्याहून जास्त होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते होतं तंत्रज्ञानाच्या मदतीने भाषा, गणित, विज्ञान शिकवणं. आत्ता मागणी वेगळी आहे. इथे संगणकशास्त्र हाच विषय आहे. प्रोजेक्टरवर पचनसंस्थेचा व्हिडिओ दाखवणाऱ्या बाई तंत्रस्नेही आहेत. पण प्रोजेक्टरमुळे त्या संगणकशास्त्राच्या शिक्षिका होत नाहीत, जसं खडू वापरल्याने कोणी चुनखडीचा अभ्यासक होत नाही.

मग संगणकशास्त्र म्हणजे काय? एखादं काम यंत्राला जमेल अशा बिनचूक पायऱ्यांत कसं मांडायचं, माहिती कशी साठवायची, आणि एकच काम करायच्या दोन रीतींपैकी कोणती लवकर उरकते हे कसं ओळखायचं, याचं शास्त्र. त्यातली विचार करायची सवय म्हणजे 'संगणकीय विचार'. मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे, पुन्हा पुन्हा येणारा नमुना हेरायचा, नको तो तपशील बाजूला सारायचा आणि पायऱ्या लिहून काढायच्या. अमेरिकेतल्या जेनेट विंग या प्राध्यापिकेने २००६ मध्ये एका छोट्या लेखात या सवयीचा जोरदार पुरस्कार केला आणि तिथून तो शब्द जगभरच्या शिक्षणखात्यांत शिरला.

शब्द जड आहे, पण शिक्षक ते काम दर परीक्षेनंतर करतात. साठ उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकाप्रमाणे लावायच्या आहेत. नवखा शिक्षक एकेक पेपर उचलतो आणि लावलेल्या गठ्ठ्यात त्याची जागा शोधत बसतो. गठ्ठा वाढतो तसा शोधही लांबतो. मुरलेल्या बाई आधी सहा ढीग पाडतात, १ ते १०, ११ ते २० असे. मग प्रत्येक ढीग स्वतंत्र लावतात आणि एकावर एक ठेवून देतात. चहा यायच्या आत काम संपलेलं असतं. संगणकशास्त्राच्या पुस्तकात हीच रीत भारदस्त इंग्रजी नावाने दिलेली असते. प्रशिक्षणाची सुरुवात इथून झाली तर 'हे आपलं नाही' ही भावना पहिल्या तासातच निम्मी होते. दुर्दैवाने बहुतेक प्रशिक्षणं 'संगणकाच्या पिढ्या किती?' इथून सुरू होतात.

येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं

आजीला विचारा, कणीक किती सैल भिजवायची? ती म्हणेल, हाताला कळतं. तिच्या पोळ्या उत्तम होतात यात शंका नाही. पण पहिल्यांदा परातीसमोर बसलेल्या नातवाला त्या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो. त्याचं पीठ चिकट का झालं, पाणी एकदम ओतलं म्हणून की मळलं कमी म्हणून, हे ओळखून सांगणारं माणूस त्याला हवं असतं.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या वेगळ्या ज्ञानाकडे बोट दाखवलं. विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याचं सर्वसाधारण कौशल्य दुसरं, आणि या दोहोंच्या मधे तिसरंच काहीतरी: हाच विषय शिकताना मुलं नेमकी कुठे घसरतात आणि तिथे कोणतं उदाहरण लागू पडतं, याची जाण. गणिताच्या बाईंना माहीत असतं की तिसरीतली मुलं हातचा घ्यायला विसरतात, पाचवीतली १/२ आणि १/३ मिळवून २/५ करतात. ही जाण त्यांना बी.एड.मध्ये पूर्ण मिळालेली नसते. वर्षानुवर्षं वह्या तपासून, खोलीतल्या सहकाऱ्यांशी बोलून ती साठलेली असते. संगणकशास्त्राच्या बाबतीत आपल्या शाळांत ही शिदोरीच नाही.

एक उदाहरण नीट बघू, कारण सगळी मेख त्यात आहे.

प्रोग्रॅममध्ये, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांत, असं लिहितात: गुण = ५. पुढच्या ओळीत: गुण = गुण + १. बीजगणित मनापासून ऐकलेली मुलगी लगेच हात वर करते, 'बाई, हे चुकलंय. कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते.' तिचं बरोबर आहे! गणितातलं बरोबरचं चिन्ह दोन बाजू सारख्या असल्याचं सांगतं. प्रोग्रॅममधलं तेच चिन्ह हुकूम सोडतं: उजवीकडचं उत्तर काढ आणि डावीकडच्या नावावर ठेव. ज्या बाईंना हा फरक ठाऊक आहे त्या मुलीला शाबासकी देऊन पुढे जातील. ज्यांना नाही, त्या म्हणतील, 'असंच असतं, लिहून घे.'

आता 'गुण' हे जे नाव आहे, ज्याची किंमत बदलू शकते, त्याला चल म्हणतात. ते समजावताना बहुतेक पुस्तकं म्हणतात, चल म्हणजे डबा. ऐकायला छान वाटतं. पण डब्यात आपण आधीचे लाडू असताना वर आणखी लाडू ठेवतो. त्यामुळे मुलांना वाटतं की गुण या डब्यात ५ पण आहे आणि ६ पण आहे. उदाहरणानेच गैरसमज पेरला. त्यापेक्षा आपली पाटी बरी. पाटीवर एका वेळी एकच आकडा. नवा लिहायचा तर जुना पुसायचा, आणि पुसलेला परत मिळत नाही.

पाटीने पुढचं कोडंही सुटतं. अ = ५. मग ब = अ. मग अ = ९. आता ब किती? मला हे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने ९ म्हणालो होतो. मनात कुठेतरी अ आणि ब एकमेकांना बांधले गेले होते. खरं उत्तर ५. दोन मुलं दोन पाट्या घेऊन उभी करा. ब ने अ च्या पाटीवर डोकावून ५ उतरवून घेतला. नंतर अ ने आपली पाटी पुसून ९ लिहिला. ब ची पाटी कोणी पुसली? कोणीच नाही. दोन मिनिटांचं काम, संगणक लागलाच नाही.

अशाच आणखी एका घसरणीबद्दल रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय. शिकाऊ मुलांना आतून वाटत असतं की यंत्रात कोणीतरी शहाणं बसलंय आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळेल. घरी 'ते आण रे जरा' म्हटलं की धाकटा भाऊ बरोबर चष्मा आणतो. संगणक आणत नाही. म्हणून काही शिक्षक स्वतःच संगणक होतात: 'मी फळ्यावर झोपडी काढणार. तुम्ही सांगाल तेवढंच करणार.' मूल म्हणतं, रेघ काढा. बाई फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ काढतात. वर्ग हसतो, आणि पुढच्या सूचनेत लांबी, दिशा, सुरुवातीची जागा आपोआप येते.

शिक्षकाला आधार द्यायचा म्हणजे हे द्यायचं. कोणत्या बटणावर दाबलं की काय होतं याची पुस्तिका त्याला यूट्यूबवरही मिळते.

इंग्लंडने ही परीक्षा आधी दिली आहे

आपण ज्या दारात उभे आहोत तिथून इंग्लंड दहा-बारा वर्षांपूर्वी गेलं. तिथल्या शाळांत तेव्हा 'आयसीटी' (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) हा विषय होता, म्हणजे जवळपास आपलं एमएस-सीआयटी. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलच्या एरिक श्मिट यांनी एडिंबरामधल्या भाषणात ब्रिटनला टोमणा मारला की संगणकाचा इतका मोठा वारसा असलेल्या देशात शाळेत संगणकशास्त्र सर्वांना शिकवलंच जात नाही. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या नामांकित विज्ञानसंस्थेचा कडक अहवाल आला, त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम मोडीत काढायचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांपासून वरच्या वर्गांपर्यंत 'कॉम्प्युटिंग' हा नवा विषय आला.

अडीच वर्षं मिळाली होती. आपल्याला जाहीर झाल्यापासून वर्षभरही नाही, एवढं फक्त लक्षात ठेवू.

तिथली वाचवणारी गोष्ट सरकारने सुरू केलेली नव्हती. २००८ मध्येच काही शिक्षक, प्राध्यापक आणि उद्योगातली माणसं एकत्र येऊन 'कॉम्प्युटिंग ॲट स्कूल' नावाचा गट झाला होता. संगणकशास्त्रज्ञ सायमन पेटन जोन्स त्याचे बिनीचे शिलेदार. कल्पना अगदी साधी: एका भागातल्या शिक्षकांनी अधूनमधून शाळा सुटल्यावर एखाद्या शाळेत जमायचं, कोणी काय करून पाहिलं, काय फसलं ते सांगायचं, धड्यांची देवाणघेवाण करायची. नवा विषय आल्यावर याच जाळ्यातून अनुभवी शिक्षकांनी शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांना हात दिला.

तरी पुरलं नाही. २०१७ मध्ये रॉयल सोसायटीने पुन्हा पाहणी केली. निम्म्याहून जास्त माध्यमिक शाळा सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला संगणकशास्त्र हा विषयच देत नव्हत्या. जिथे होता तिथे परीक्षेला बसणाऱ्या पाच मुलांमागे मुलगी एकच. २०१२ ते २०१७ या काळात संगणकाचे शिक्षक घडवण्याच्या अभ्यासक्रमांत जेवढे प्रवेश व्हायला हवे होते, त्यातले ६८ टक्केच झाले. अभ्यासक्रम कागदावर जागतिक दर्जाचा होता. वर्गात उभं राहायला माणूस नव्हता.

मग पैसा आला. नोव्हेंबर २०१७ च्या अर्थसंकल्पात ८ कोटी ४० लाख पौंड, तेही मुख्यतः शिक्षकांसाठी. सुमारे ८,००० शिक्षकांना या विषयात तयार करायचं लक्ष्य ठेवलं आणि २०१८ च्या अखेरीस त्यासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. त्यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट फार लहान आहे: शिक्षक प्रशिक्षणाला गेला की त्याच्या तासांवर दुसरं कोणी उभं करायला शाळेला पैसे मिळत. म्हणजे शिकण्याचा वेळ शिक्षकाच्या रविवारातून कापला जात नव्हता.

पाच दिवसांचं प्रशिक्षण आणि ताकातलं पाणी

आपल्याकडची रीत सगळ्यांना पाठ आहे. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. प्रत्येक पायरीवर ताकात थोडं पाणी पडतं. शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचतो तो एक पीपीटी, हजेरीपट आणि समूह छायाचित्र. यात तज्ज्ञ मार्गदर्शकांचा दोष नसतो, त्यांना स्वतःलाच तीन दिवसांपूर्वी सांगितलेलं असतं. सात लाखांच्या वर शिक्षक असलेल्या राज्याला एवढ्या वेळात दुसरा मार्ग सुचत नाही हेही खरं. पण इतिहासाच्या बदललेल्या धड्यासाठी जी रीत चालून जाते ती इथे चालत नाही, कारण इथे शिक्षकाला मुळाक्षरांपासून सुरुवात करायची आहे.

नवा विषय शिकणारा शिक्षक कशाने टिकतो? थोडं शिकायचं, आठवड्याभरात वर्गात करून बघायचं, फसायचं आणि 'हे असं का झालं?' विचारायला परत यायचं. या फेऱ्या दोन-तीन सत्रं चालाव्या लागतात. शैक्षणिक धोरणानेच प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे ठेवलेत. ते सलग आठवड्यात उरकायचे की वर्षभर पसरायचे, हा पैशाचा प्रश्न फारसा नाही, नियोजनाचा आहे. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद असते. दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एका जागी येतात. इंग्लंडला जे जाळं नव्याने विणावं लागलं त्याचा सांगाडा आपल्याकडे आयता आहे. त्या दिवशी सूचना वाचून दाखवण्याऐवजी दोन बाईंनी आपला फसलेला तास सांगितला, तर तेवढ्याने बरंच होईल.

शिकवण्याच्या काही रीती तर आपल्या शिक्षकांना लगेच ओळखीच्या वाटतील. इंग्लंडमधल्या सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एक रीत अशी: कोऱ्या पडद्यासमोर मुलाला 'लिही प्रोग्रॅम' म्हणायचं नाही. आधी दुसऱ्याने लिहिलेला वाचायला द्यायचा आणि तो काय करील याचा अंदाज घ्यायचा. मग चालवून बघायचा. मग आत डोकावायचं, मग थोडा बदल करायचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा लिहायचा. भाषा आपण अशीच शिकवतो. बालवाडीत कोणी निबंध मागत नाही.

दुसरी रीत न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडली. प्रोग्रॅमच्या ओळी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून विस्कटायच्या, मुलांनी क्रम लावायचा. 'पुढील वाक्ये घटनाक्रमानुसार लावा' हा प्रश्न काढून काढून आपल्या बाईंचे हात झिजलेत. टायपिंगच्या चुका नाहीत, संगणकाची रांग नाही, आणि कोणाचं काय चुकलं ते बाकावरच दिसतं.

'आमच्याकडे संगणकच बंद पडलेत'

यु-डायसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. चालू किती, मुलांच्या हाताला लागतात किती आणि कापडी खोळीखाली किती, ते ज्याने त्याने आपल्या शाळेपुरतं मोजावं.

म्हणून काही थांबायला नको. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून संगणकाला हात न लावता संगणकशास्त्र शिकवतायत. त्यांचा गाजलेला खेळ असा: पाच मुलं रांगेत, हातात पाच पत्ते. त्यांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ ठिपके. पत्ता दाखवला तर १, पालथा धरला तर ०. आता १९ करून दाखवा. १६, २ आणि १ उघडे, बाकीचे पालथे. झाला १००११. यंत्राच्या आत सगळे आकडे याच रूपात असतात. पाच पत्त्यांत ३१ पर्यंत जाता येतं, म्हणजे प्रत्येक मुलाला आपल्या वाढदिवसाची तारीख एका हाताच्या पाच बोटांवर धरता येते. मधल्या सुट्टीत मुलं हे करत बसतात.

आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकशास्त्राच्या व्यावसायिक संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेला 'सीएसपाठशाला' हा उपक्रम याच वाटेने जातो: संगणकाविना पाठ, शिक्षकांचं प्रशिक्षण, आणि लिथुआनियात जन्मलेल्या 'बेब्रास' या तर्ककोड्यांच्या स्पर्धेची भारतीय आवृत्ती.

एक धोका मात्र सांगायला हवा. पत्ते खेळून झाले, मुलं हसली, तास संपला, आणि याचा संगणकाशी संबंध काय हे कोणी बोललंच नाही, असं सहज होतं. तो धागा जोडायचं काम शिक्षकाचं, आणि त्यासाठी त्याला खेळाच्या मागचं शास्त्र माहीत हवं. शिवाय कधीतरी, महिन्यातून एकदा का होईना, मुलाने लिहिलेली सूचना खऱ्या यंत्राने पाळलेली त्याला दिसायला हवी. नाहीतर ते पाण्याशिवाय पोहणं.

'त्यापेक्षा इंजिनिअर का नेमत नाही?'

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो आणि रास्तही आहे. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९८४-८५ मध्ये केंद्राने 'क्लास' प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, तेच जे तेव्हा ब्रिटिश शाळांत होते. पुढे २००४ पासून आयसीटी योजना आली. महाराष्ट्रात ती 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या धर्तीवर राबवली गेली: कंपनीने लॅब उभारायची, कंत्राटी संगणक निदेशक नेमायचा, आणि पाच वर्षांनी सगळं शाळेच्या हवाली करायचं. संगणक शाळेच्या हवाली झाले. निदेशकाचं कंत्राट मात्र संपलं, आणि त्याच्यासोबत शाळेतलं संगणकाचं ज्ञानही फाटकाबाहेर गेलं. ज्यांची नोकरी गेली त्यांनी मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनं केली.

बाहेरून आणलेलं माणूस वाईट शिकवतं असं नाही. पण ज्याला कोडिंग चांगलं येतं त्याला हिंजवडीत मिळणारा पगार कोणतीही शाळा देऊ शकत नाही, आणि ज्याला फार येत नाही त्याला नेमून फायदा नाही. शिक्षकांच्या खोलीत आधीच बसलेल्या बाईंना मुलांची नावं माहीत आहेत, कोणाचा बाप ऊसतोडीला गेलाय हे माहीत आहे, आणि पुढच्या वर्षीही त्या तिथेच असणार आहेत. निदान त्याच तालुक्यात. पैसे लावायचे तर तिथे लावावेत असं मला वाटतं.

'कोड तर आता एआयच लिहितं'

लिहितं, आणि बऱ्यापैकी लिहितं. कॅल्क्युलेटर आला म्हणून पाढे आणि बेरीज शिकवणं बंद झालं नाही, कारण दुकानदाराने बिलात शून्य वाढवलं तर ते आपल्याला खटकायला हवं. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम वाचून 'हे इथे गडबडतंय' म्हणता येणं, हे कौशल्य उलट महाग होत चाललंय. वाचायला आधी द्यायचं, लिहायला नंतर, ही वर सांगितलेली रीत म्हणूनच आता जास्त कामाची.

शिक्षकालाही त्याची मदत आहे. रात्री अकराला अडलेली शंका विचारता येते आणि हसं होत नाही. फक्त ते चूकही तितक्याच ठाम आवाजात सांगतं. ती पकडायला सोबत एखादा जाणता सहकारी लागतोच.

'मुलांना धड वाचता येत नाही, आणि तुम्ही कोडिंग घेऊन आलात?'

या आक्षेपापुढे मी थोडा थांबतो. तिसरीतल्या मुलाला गोष्ट वाचता येत नसेल आणि कोडिंगचा तास वाचनाच्या तासातून काढायचा असेल, तर मी वाचनाच्या बाजूने मत देईन. प्राथमिक वर्गांत याचा वेगळा विषय, वेगळी वही, वेगळी चाचणी करू नये. रांगोळीतला ठिपक्यांचा नमुना पुढे नेणं गणितात बसतं. 'घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता असा सांग की नवखा माणूस चुकणार नाही' हा भाषेचाच तास आहे, आणि चांगला आहे. शिक्षकाला आधार देणाऱ्यांनी त्याला हे दाखवावं की आधीच्या पाठात हे कुठे सामावतं. वेळापत्रकात आणखी एक चौकोन घुसवणं त्याला स्वतःला जमतं, नव्हे, त्याच्यावर सतत लादलं जातं.

बाईंची भीती

सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. वीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाई वर्गात शिरतात तेव्हा त्यांना उत्तरं माहीत असतात. अधिकार त्यातून येतो. आता त्यांना अशा विषयासमोर उभं राहायचंय जिथे मागच्या बाकावरचा मुलगा, ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, त्यांच्या पुढे असू शकतो. त्यात सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेत असलेल्या हजारो शिक्षकांच्या मानेवर टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, तलवार आली. अशा मनःस्थितीत 'कोडिंगची क्षमता चाचणी' असे शब्द ऐकले की माणूस शिकत नाही, लपतो.

त्या मुलाला येतं ते बहुधा वापरणं, गेम डाउनलोड करणं. अ आणि ब च्या पाट्यांचं कोडं त्याला घाला, तोही ९ म्हणण्याची शक्यता भरपूर. आणि प्रोग्रॅम चुकणं हा या विषयाचा नेहमीचा दिवस आहे. तीस वर्षं मुरलेला प्रोग्रॅमरही सकाळभर स्वतःची चूक शोधत बसतो. 'मलाही माहीत नाही, चल, एकेक ओळ वाचत जाऊ' हे वाक्य मराठीच्या तासाला कमीपणाचं वाटेल, इथे तो धडाच आहे. पण हे वाक्य मोकळेपणाने म्हणायला बाईंना खात्री हवी की मागे उभ्या साहेबांनी ते ऐकलं तर शेरा येणार नाही.

आणि मुली बघत असतात. हा विषय फक्त तंत्रस्नेही सरांचा, असं चित्र सहावीत तयार झालं की ते पुसायला पाटीसारखं सोपं नसतं.

तर परिपत्रक येईल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लॅबच्या फरशीचा रंग ठरवून झाला की तीन गोष्टी विचारून बघा. प्रशिक्षण एकदाच आहे की पुन्हा पुन्हा? मंगळवारी तिसऱ्या तासाला अडलं तर बाईंनी फोन कोणाला करायचा? आणि भूगोलाचे सर शिकायला गेलेले असतील त्या दिवशी भूगोल कोण घेणार?